शाल, श्रीफळ आणि डबल प्ले

बेसबॉलच्या स्कोअरशीटवर पिचरला एक हा आकडा असतो. कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, दुसऱ्या बेसवरचा चार, अशी मैदानातल्या नऊ जणांची ओळख नऊ आकड्यांत उरकलेली असते. डबल प्ले म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद. बॅटरने मारलेला चेंडू जमिनीवरून सरपटत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या सहा नंबरवाल्याकडे जातो, तो चारकडे देतो, पहिल्या बेसवरून पळत येणारा गडी तिथे बाद होतो. चार लगेच तीनकडे फेकतो आणि खुद्द बॅटरही बाद. आपण लिहायचं, सहा-चार-तीन. ज्याने तो चेंडू टाकला त्याचा एक त्यात कुठेच नसतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी मुळात चिडका माणूस. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय तिसऱ्याने घेतलं की ऑफिसातसुद्धा माझा आवाज चढतो, मग घरी येऊन मी स्वतःवरच चिडतो. पण इथे तर कोणी ढापलंही नव्हतं. खेळाच्या नियमातच त्या माणसाला जागा नव्हती. आमच्या क्लबच्या वेबसाइटवर पिचरचे विजय होते, त्याने किती जणांना चेंडूला बॅट न लावू देता परत पाठवलं ते होतं. त्याच्या चेंडूंवर किती डबल प्ले झाले, ते मात्र कुणी मोजलेलंच नव्हतं.

या खेळाशी माझा काय संबंध, असं बायकोनेही विचारलं होतं. ती पुण्यात असते. इथे डीमन नावाच्या डच उपनगरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तिने राहून बघितलं, पण मनासारखी नोकरी मिळेना आणि जीवही रमेना. पुण्यातल्या कॉलेजात परत बोलावणं आलं तेव्हा मुलीला घेऊन ती गेली. भांडण वगैरे काही नाही. मी मागे राहिलो तो इथे कायम राहायच्या परवान्यासाठी. एकच वर्ष, असं ठरलं होतं. पुढच्या वर्षीही एकच वर्ष असं ठरलं, आणि आता आम्ही ते ठरवतही नाही.

एकटेपणाला मी आधी थकवा म्हणायचो. डॉक्टरकडेही जाऊन आलो. इथल्या हौसआर्त्सने, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं आणि सगळं उत्तम आहे म्हणून घरी पाठवलं. रविवारी कपडे धुऊन व्हायचे, आठवड्याची आमटी करून डब्यांत भरून व्हायची, पुण्याला व्हिडिओ कॉल व्हायचा, आणि घड्याळात बघावं तर जेमतेम दुपार झालेली असायची. मराठी मंडळात जाणं मी सोडलं होतं. तिथे माणसं प्रेमळ आहेत, पुरणपोळी वाढतात, पण वाढता वाढता "फॅमिली कधी येतेय परत?" असं विचारतात. ऑफिसातले डच सहकारी सज्जन आहेत. त्यांच्याबरोबर कॉफी प्यायची तर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते, आणि तोवर आपल्याला काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं.

अशाच एका रविवारी मी सायकल काढून भटकत होतो. हायवे आणि मेट्रोच्या रुळांमध्ये अडकलेलं एक मैदान दिसलं. जाळीच्या बाहेर उभा राहून बघत होतो. क्रिकेटसारखं काहीतरी, पण घाईत चाललेलं. एक चेंडू जाळीवरून माझ्या पायाशी आला आणि मी तो उचलून फेकला. शाळेत मी सीमारेषेवर उभा राहायचो, तेवढंच मला यायचं. चेंडू आपसूक सरळ गेला. तो घ्यायला आलेला उंच, पोट किंचित सुटलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस जाळीपाशी आला आणि डचमध्ये काहीतरी म्हणाला. ते मला सगळं कळलं. शब्दन् शब्द कळला.

हे सांगायला हवं, कारण मला डच येत नाही. म्हणजे मी दोन परीक्षा पास झालोय, दुकानात ब्रेड मागू शकतो, पण समोरचा माणूस खरोखर बोलायला लागला की माझ्या कानात नुसता वारा शिरतो. माझी अडचण दिसली की लोक लगेच इंग्रजीवर येतात. तो आला नाही. तो समोर उभा राहून, तोंड नीट दिसेल असं ठेवून, प्रत्येक वाक्य संपवून पुढचं बोलत होता. नंतर कळलं की तो कानांच्या मशीनचं काम करतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तपासणी करायची, मशीन बसवून द्यायची, आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलायचं. ती सवय त्याच्या अंगात मुरली होती.

"पुढच्या रविवारी ये," तो म्हणाला. "आमच्याकडे स्कोअर लिहायला कोणी नाही. स्कोअरर नसेल तर मॅच होत नाही."

"मला हा खेळ येत नाही."

"मी शिकवीन. तुला चेंडूकडे बघता येतं. बाकीचं पेन्सिल करते."

गेलो. तो आमचा पिचर होता. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे लाकडी खोपट्यात बसून मी स्कोअर लिहायला शिकलो. पहिले काही रविवार मी भयंकर गोंधळ घातला. क्रिकेटच्या सवयीने डबल प्लेतल्या दोन्ही बळींना मी मनातल्या मनात रन-आउट म्हणायचो, आणि रन-आउट म्हणजे बोलरचा काही संबंध नाही. तो हसला. मॅच संपल्यावर त्याने मला मैदानात नेलं आणि दाखवलं. त्याचा वेग कधीच गेला होता. पण तो चेंडू अशा तऱ्हेने टाकायचा की प्लेटपाशी येता येता तो गुडघ्याखाली उतरायचा. बॅटरला वाटायचं आता उचलून मारतो, आणि चेंडूचं फक्त डोकं बॅटला लागून तो जमिनीत जायचा.

"बेसवर माणूस असला की सगळे पिचर घाबरतात," तो म्हणाला. "मला बरं वाटतं. माणूस नसेल तर दोन कसे मिळणार?"

त्या दिवसापासून मी खेळ वेगळा बघायला लागलो. आणि खोटं कशाला बोलू, मी वाट बघायला लागलो. आमच्या विरुद्ध कुणी पहिल्या बेसवर पोहोचलं की बाकीच्यांचे चेहरे पडायचे, मी मात्र पेन्सिल सरसावून बसायचो. सहा-चार-तीन लिहून झालं की तो मैदानातून परत येताना खोपट्याच्या खिडकीकडे बघायचा. मी दोन बोटं दाखवायचो. एवढंच आमचं बोलणं. मॅचनंतर मात्र कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर बसायचा आणि आम्ही खरंच बोलायचो, त्याच्या घटस्फोटाबद्दल, माझ्या मुलीबद्दल, इथल्या पावसाबद्दल. संबंध आठवड्यात माणसाशी बोलल्यासारखं वाटायचं ते तेवढंच.

गेल्या उन्हाळ्यात त्याने मला विचारलं, "तू मोजतोस ना माझे डबल प्ले?"

"या दोन सीझनचे आहेत माझ्याकडे."

"बघून सांग. अजून एक वर्ष आहे का माझ्यात?"

"दोन आहेत," मी म्हणालो. त्याने हसण्यावारी नेलं, पण पुढच्या वर्षाची काळजी त्याच्या जिवाला लागली होती. कोचच्या मनात त्याला काढून एका वेगवान पिचरला घ्यायचं होतं आणि ते अख्ख्या क्लबला माहीत होतं. सीझन संपला की बघू, असं कोच म्हणत होता. माझ्या या मित्राला मात्र पुढच्या वर्षीही खेळायचं होतं. हे त्याने मला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण इथे माणसं मागत नाहीत, आणि तो तर अजिबात मागणारा नव्हता.

मग मी कामाला लागलो. डेटा हेच माझं रोजचं काम. ऑफिसात मी लोकांच्या पार्सलांचा हिशेब ठेवतो. कॅन्टीनमध्ये तळणाच्या कढईवरच्या फडताळात क्लबच्या जुन्या स्कोअरशीटच्या फायली होत्या, तेलाने कडा पिवळ्या झालेल्या. मी त्या पिशव्या भरभरून घरी नेल्या. त्याच्या पहिल्या मॅचपासून. इथे उन्हाळ्यात संध्याकाळ संपता संपत नाही, त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या कामी आल्या. कुठे सहा-चार-तीन, कुठे पाच-चार-तीन, कुठे त्यानेच चेंडू अडवून सुरू केलेला एक-सहा-तीन. हवेत झेल घेऊन झालेले मी वेगळे काढले, त्याचं खरं कसब जमिनीवरचं होतं. पहिल्या बेसवर गडी असण्याच्या किती वेळा आल्या आणि त्यातल्या कितींत त्याने दोन मिळवले, तेही काढलं. पळणारा गडी बाद झाला, पण पुढची फेक उशिरा पोहोचली, असे होता होता राहिलेले कितीतरी असतील. ते कुठेच लिहिलेले नसतात. दुसरा बळी गृहीत धरायचा नाही, असा स्कोअररचा नियमच आहे.

आकडा मी इथे सांगणार नाही. तो त्याचा आहे. एवढंच सांगतो की कारकिर्दीची बेरीज बघून मी खुर्चीतून उठलो आणि एकटाच टाळ्या वाजवल्या. आणि शेवटच्या दोन सीझनमध्येही त्याचं प्रमाण घसरलेलं नव्हतं. हे कोचला दाखवलं की संपला प्रश्न, असं मला वाटलं.

सरळ जाऊन कोचला दाखवायला हवं होतं. पण मला ते कोरडं वाटलं. एवढा मोठा आकडा ईमेलने पाठवायचा? चारचौघांत सांगायला हवा. चारचौघांत मान दिला की मग त्या माणसाला हात लावायची कुणाची छाती होत नाही, हे मी आमच्या सोसायटीपासून तालुक्याच्या राजकारणापर्यंत सगळीकडे बघत आलोय. सत्कार करायचा, मी ठरवलं. सीझन संपल्यावर क्लबची पार्टी असते, त्यात.

"शाल कसली पाठवू?" बायकोने फोनवर विचारलं. "आणि अरे, पण कशाबद्दल सत्कार?"

"कशाबद्दल म्हणजे? आपल्याकडे दहावी पास झालं तरी करतात. वॉर्डाचा उपाध्यक्ष झालं तरी करतात."

"बाबा, इट्स सो क्रिंज," मागून मुलगी म्हणाली.

"गप गं," बायको म्हणाली, आणि मग मला, "छान कर. तुझं कुणीतरी आहे तिथे, बरं वाटतं." तिने मरून रंगाची, जरीच्या काठाची शाल पुण्याहून परतणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या एका मुलीबरोबर पाठवली. नारळ मी सुरिनामी दुकानातून आणला. शेंडी ठेवून द्या, असं तिथल्या बाईला समजावताना माझी दमछाक झाली.

पार्टीला अख्खा क्लब होता. बिअर, गरम गरम बिटरबॉल म्हणजे इथले मांसाचे तळलेले गोळे, भिंतीवर जुने फोटो. मी क्लबच्या अध्यक्षबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की मला दोन मिनिटं बोलायचंय. माझं डच भाषण मी पाठ केलं होतं. कारकिर्दीची बेरीज, प्रमाण, आणि हे कुणी आजवर मोजलं नव्हतं ते मी मोजलं, असं. मी आकडा सांगितला तेव्हा खरोखर शांतता पसरली. सहा नंबरवाल्याने तोंडावर हात धरला, कारण त्यातले बरेचसे त्याच्याच हातून गेले होते. मग मी पिचरला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. त्याने तो चेंडूसारखा बोटांत फिरवून पाहिला. सगळे हसले. तोही हसत होता. त्या क्षणी मला या देशात आल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

मग कोच उठला. डोळे पुसत उठला. अध्यक्षबाई आत गेल्या आणि टेबलावरच्या फुलदाणीतली फुलं तशीच ओली घेऊन आल्या. कोच भरभर बोलायला लागला, त्याने पिचरला मिठी मारली, भिंतीवरच्या फोटोंकडे हात केला, मग लोक उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. मला कोचचं बोलणं कळत नव्हतं, कधीच कळत नाही. पण आकड्यांनी काम केलं एवढं मला दिसत होतं. मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात, मला वाटतं, मीच वाजवल्या.

टाळ्या थांबेनात म्हणून पिचर माझ्याकडे वळला. मी दोन बोटं दाखवली. तो जवळ आला, त्याचा तो चेहरा समोर ठेवून, हळू, स्पष्ट म्हणाला, "कोच म्हणतोय, योग्य वेळी थांबलो म्हणून. माझा शर्ट भिंतीवर लावणार आहेत."

मला एक सेकंद काहीच कळेना. मग लक्षात आलं. भाषण, फुलं, चारचौघांसमोर आयुष्यभराची बेरीज; इथे हे सगळं माणूस जाताना करतात. फक्त जाताना. इतक्या वर्षांत ऑफिसातून कितीतरी लोकांना असाच निरोप दिलेला मी पाहिला होता. वाढदिवसाला केक, नोकरी सोडताना भाषण. माझ्या डोक्यात मात्र ते शिरलंच नव्हतं. शाल बघून सगळ्यांना वाटलं की त्याने थांबायचं ठरवलंय आणि ते जाहीर करायला त्याने आपल्या या भारतीय मित्राला पुढे केलंय.

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. "आत्ता सांगतो."

"नको." त्याने शाल नीट केली. सहा नंबरवाला रडत होता. कोचच्या डोक्यावरचं ओझं उतरल्याचं लांबूनही दिसत होतं. "आता नको."

आणि तो वळून सगळ्यांना धन्यवाद म्हणाला. ते मला नीट कळलं.

त्यानंतर मी त्याला मेसेज पाठवले. त्याने उत्तरं दिली, छोटी आणि सभ्य. कोचलाही मी इंग्रजीत सगळं समजावून लिहिलं. त्याने लिहिलं की फारच सुंदर संध्याकाळ होती, आणि नव्या पिचरशी बोलणं झालेलं आहे. बायकोने विचारलं, आवडली का शाल? मी म्हणालो, आवडली. तिला खरं सांगावंसं वाटलं नाही. ती खूश होती.

हिवाळ्यात इथे मैदान बंद असतं. कुणी भेटत नाही, आणि भेटायला कारणही लागत नाही असं नातं आमचं अजून झालेलं नव्हतं. शेवटी एका शनिवारी मी त्याच्या दुकानात गेलो. आधी न कळवता. त्याने मला तपासणीच्या खोलीत नेलं. छोटी खोली, भिंतींना जाड स्पंज, बाहेरचा आवाज पूर्ण बंद. बसायला एकच खुर्ची, पेशंटची. तिथे मी बसलो आणि तो समोर स्टुलावर. इतक्या शांततेत मला माझंच गिळणं ऐकू येत होतं.

"मला तुला ठेवायचं होतं," मी म्हणालो. पाठ केलेलं वाक्य नव्हतं, त्यामुळे चुकलंही असेल. "आमच्याकडे तो मान असतो. निरोप नसतो."

"माहीत आहे. मी त्याच वेळी ओळखलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मला जायचं नाही, असं? सगळे रडत असताना?" त्याने स्टूल थोडं पुढे ओढलं. मग म्हणाला, "कोच सांगणारच होता. माझा गुडघाही सांगत होता. तू सांगशील असं वाटलं नव्हतं, एवढंच."

मी मान खाली घातली. त्याने लगेच माझ्या गुडघ्याला हात लावून मला वर बघायला लावलं, पेशंटला लावतो तसं, तोंड दिसावं म्हणून.

"तो आकडा," तो म्हणाला. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पुन्हा पुन्हा तपासलाय."

"मग छान. आता तो बदलणार नाही."

तो उठला, जाड दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या आजीबाईंना मोठ्या, स्वच्छ आवाजात आत बोलावलं.